ओसरीतून पाणी दिसलं पाहिजे

दिवाळी उलटली की आपल्याकडे घरोघरी दोनच विषय निघतात. एक लग्नाचा, दुसरा बांधकामाचा. सोयाबीनचे पैसे हातात आले (आले तर!) की कुणी वर एक खोली चढवतं, कुणी न्हाणी-संडास आत घेतं, कुणी नुसत्या रंगावर भागवतं. अलीकडे त्यात एका नव्या शब्दाची भर पडली आहे, 'गेस्ट हाऊस'. घराजवळ तळं, धरण, डोंगर, काहीही असलं की घरातली तरुण मंडळी म्हणतात, शेजारी दोन खोल्या बांधू, शहरातले लोक येतील, चार पैसे मिळतील.

कल्पना वाईट मुळीच नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्याला तर ती शोभणारीच आहे. तुळजापूरला आई भवानीच्या पायाशी वर्षभर माणूस येतं. लग्न झालं की जोडी दर्शनाला, नवस बोलला की तो फेडायला, घरात काही चांगलं झालं की गोंधळ घालायला. तुळजापुरात पुजाऱ्यांच्या घरी यजमान उतरतात, ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तेव्हा पाहुण्याला खोली देणं आपल्याला नवं नाही. नवं आहे ते राहत्या घराशेजारी वेगळी, आजच्या पद्धतीची इमारत उभी करणं आणि तिचं जुन्या घराशी जमवणं. हे जमलं नाही तर त्रास कुणाला होतो, ते तुम्हाला सांगायला नकोच.

माझ्या एका मैत्रिणीचं सासर तुळजापूर तालुक्यात एका तलावाच्या काठी आहे. (गाव लिहू नकोस म्हणाली. छोटं आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात.) जुनं दगडी घर, जाड भिंती, वर माळवद, पुढे पूर्वेला तोंड केलेली लांब ओसरी. ओसरीत बसलं की समोर उतार आणि उताराच्या शेवटी पाणी. मागे एकदा तिचा फोन आला. आवाज रडवेला. "अगं, प्लॅन आलाय. दोन मजली. पुढनं सगळी काच. एकदा येऊन बघ बाई."

गेले. प्लॅन देखणा होता, खोटं कशाला बोलू? गुळगुळीत कागदावर संगणकाने काढलेलं रंगीत चित्र, काचेत तळ्याचं प्रतिबिंब, गच्चीवर खुर्च्या, शेजारी एक परदेशी दिसणारं झाड. दिरांनी मोठ्या हौसेने करून घेतलेला. चित्रात एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे जुनं घर. ते कुठे गेलं म्हणून विचारलं तर पुतण्या म्हणाला, "काकू, ते मागं आहे ना. त्याचं चित्र कशाला?"

म्हणजे नवी इमारत ओसरी आणि पाणी यांच्या बरोब्बर मध्ये येणार होती.

सासूबाई तिथेच बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या. कागद उलटसुलट करून बघितला आणि एवढंच विचारलं, "मग पाणी कुठून दिसंल?"

कुणी उत्तर दिलं नाही. म्हातारं माणूस, बोलणारच, असं समजून विषय पुढे गेला. पण मला तो प्रश्न सोडवेना. चहा झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा तळ्याची गोष्ट कळली. हे तळं पूर्वीचं नव्हे. घर आधीचं, तळं नंतरचं. १९७२ च्या दुष्काळात जी कामं निघाली, त्यात इथे माती पडली. सासूबाई तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, एक पोर कडेला, एक झाडाखाली झोळीत. डोक्यावर मातीची पाटी घेऊन भराव चढायचा आणि उतरायचं. दुपारी सुकडी मिळायची. आपल्या भागातल्या कितीतरी पाझर तलावांची हीच कथा आहे. तुमच्याही घरात अशी एखादी आजी, आत्या, काकू असेल. विचारा एकदा.

आता सांगा. ज्या पाण्याकडे बघण्यासाठी पाहुणा पैसे मोजणार, ते पाणी तिथे अडवलं कुणी? आणि पाहुण्याला ते दिसावं म्हणून तिच्याच डोळ्यासमोर भिंत घालायची?

तळ्याकाठी नवी इमारत बांधताना पहिली चूक बहुतेक हीच होते. 'व्ह्यू' पाहिजे म्हणून ती थेट पाण्याच्या तोंडाशी नेऊन उभी करतात. मागच्या घराचं पाणीही जातं आणि वाराही जातो. काठावरच्या घराला उन्हाळ्यात संध्याकाळी जी झुळूक लागते, ती अडली की जुनं घर, जे शंभर वर्षं पंख्यावाचून थंड राहिलं, ते एकाएकी कोंदट होतं. मग म्हणायचं, जुन्या घरात काही राम नाही!

त्या दिवशी इंजिनीअरही आले होते. भले गृहस्थ. मी हे बोलून दाखवलं तर हसून म्हणाले, "बरोबर आहे मॅडम, नवी इमारत कशी पाहिजे, नव्या सुनेसारखी. जुन्याचा मान राखून, खाली मान घालून." मला नाही पटलं. खाली मान घालून कुणी कशाला उभं राहायचं? मी म्हटलं, सुनेसारखी नको, चांगल्या शेजारणीसारखी असू द्या. आपल्या दारात आपण राणी, पण दुसरीच्या उजेडात उभी राहत नाही, तिच्या न्हाणीकडे खिडकी काढत नाही आणि हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर असते.

खरं म्हणजे जागा तिथे होती. घराच्या उत्तरेला, लिंबाच्या पलीकडे, गोठा हलवल्यापासून मोकळीच पडलेली. तिथे एकमजली इमारत बसवली, ओसरीच्या रेषेपेक्षा चार पावलं मागे घेतली, तर दोन्ही घरांना पाणी दिसतं. नव्या खोल्यांचा ओटाही पूर्वेलाच. जुन्या घराकडच्या भिंतीला मोठी खिडकी नाही, वर नुसते हवेचे झरोके. म्हणजे परसात धुणं वाळत घालताना, भांडी घासताना, केस सोडून उन्हात बसताना पाहुण्याची नजर तिथे येत नाही. हे कागदावर क्षुल्लक वाटतं. पण रोज त्या परसात वावरायचं असतं तिला विचारा.

पाण्याकाठी बसायची जागा कशी करावी हे शिकायला आपल्याला लांब जायची गरज नाही. नळदुर्गला आपल्यापैकी बहुतेक जणी शाळेच्या सहलीला गेल्या आहेत, किल्ल्यात डबे खाल्ले आहेत. बोरी नदीवर दगडी बंधारा घालून तिथे मुख्य किल्ला आणि रणमंडळ हे दोन भाग जोडले आहेत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर महंमद इमादीन याने ते काम केलं. आणि त्या बंधाऱ्याच्याच पोटात पाणी महाल आहे. लांबून बघितलं तर वेगळी इमारत म्हणून काही उठून दिसत नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की नर आणि मादी हे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात, आणि आत खिडकीशी बसलेलं माणूस कोरडं. बादशहाला पैशाची काय कमी होती? बंधाऱ्याच्या डोक्यावर पाच मजले चढवता आले असते. पण ज्याचं मुख्य काम पाणी अडवायचं, त्याच्या कुशीत महाल बसवला, त्याच्या उरावर नाही. चारशे वर्षांपूर्वी ती आधुनिकच इमारत होती की!

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. चंदीगड शहराची आखणी करणारे ल कॉर्बुझिए यांनी १९२३-२४ मध्ये आपल्या आईवडिलांसाठी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठावर एक छोटं घर बांधलं. केवढं? सुमारे सातशे चौरस फुटांचं! आपल्या घरकुलांपेक्षा मोठं, पण तसं छोटंच म्हणा. वडील लवकर गेले, पण आई १९६० पर्यंत त्या घरात राहिली. पाहुणा आला तर पडदी ओढून बैठकीचाच एक भाग त्याला द्यायचा. आणि गंमत बघा, एवढं मोठं सरोवर समोर, तरी बागेच्या बाजूला त्यांनी चक्क भिंत घातली, आणि त्या भिंतीत एक चौकोनी खिडकी ठेवली. खिडकीशी मेज. चहूबाजूंनी पाणीच पाणी दिसत राहिलं तर डोळ्याला त्याची सवय होते आणि मग ते दिसेनासं होतं, म्हणून थोडं झाकायचं, थोडं दाखवायचं, असा त्यांचा विचार. अख्खी काचेची भिंत मागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पूर्वेला पूर्ण काच लावली तर आपल्या एप्रिल-मेमध्ये सकाळी सातपासून खोलीचा कोंडवाडा होतो. मग पडदा ओढायचा, एसी लावायचा, आणि लाइट गेली की पाहुण्याने ओसरीत येऊन बसायचं. जाड भिंतीतली एकच रुंद खिडकी, तिला बसता येईल असा कट्टा आणि वर दोन-अडीच फुटांचा छज्जा, एवढ्यात काम होतं. पश्चिमेला तर जवळपास भिंतच असू द्यावी, दुपारच्या झळा तिकडूनच येतात.

कॉर्बुझिए यांच्या त्या घराला पुढे मोठा तडा गेला, हेही सांगायला हवं. सरोवराची पातळी खालीवर व्हायची आणि घराखालचं पोकळ तळघर होडीसारखं उचललं जायचं. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातूनही पाण्याचा अंदाज चुकला. आज ते घर जागतिक वारसा म्हणून जपलं आहे, २०१६ पासून, चंदीगडच्या इमारतींबरोबरच. आपण चुकलो तर आपल्याला कोण जपणार?

आणि आपलं पाणी तर भलतंच चंचल. चित्रातल्या तळ्यात बारा महिने निळंशार पाणी असतं. आपल्या तळ्यात आश्विनात पाणी जोत्याकडे बघत असतं आणि चैत्रात ते लांब कुठेतरी चकाकत असतं, मध्ये सगळी गाळपेर. काकडी, कलिंगड, कुणाचा भाजीपाला. एखाद्या वर्षी तर तेही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, विसरला नसाल. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये? परंडा-भूमकडे घरांत पाणी शिरलं, माणसं छपरांवर चढून बसली, गुरं गेली, जमिनी खरवडून निघाल्या. आपल्या जिल्ह्यात दुष्काळ आणि पूर हे दोन्ही पाहुणे न सांगता येतात. म्हणून इमारत कुठे बांधायची ते उन्हाळ्यात पाणी लांब गेलेलं बघून ठरवू नका. गावातल्या जाणत्या बायकांना विचारा, पाणी जास्तीत जास्त कुठवर आलं होतं. त्यांना ते झाडानिशी, दगडानिशी आठवतं. सरकारने संपादन केलेल्या जागेची हद्द कुठे आहे, ते तळं ज्या खात्याच्या ताब्यात असेल त्या खात्याकडून आणि भूमापन नकाशावरून लेखी बघून घ्या. हद्दीच्या आत एक वीट ठेवली तरी उद्या ती काढावी लागेल. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा तळ्याच्या आणि विहिरीच्या उताराला नको, हे सांगून ठेवते. त्यावर जास्त लिहीत नाही, सकाळी पेपर वाचताना लोक नाश्ता करत असतात.

पण पाया मात्र महत्त्वाचा. तळ्याकाठी बहुधा काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर ठेवलेली भिंत तिच्याबरोबर वरखाली होते. मुरूम लागेपर्यंत खोल जायचंच, आणि जोत्याभोवती मुरूम दाबून पाणी लांब जाईल असा उतार द्यायचा. गवंडी म्हणेल, "ताई, एवढं काय करायचंय, एक मजला तर हाय." ऐकू नका.

आपल्या जिल्ह्यात पायाचा, भिंतीचा विषय निघाला की १९९३ आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूरकडे किल्लारी, आपल्याकडे उमरगा-लोहाऱ्याचा भाग, सास्तूर. सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारीचा परिसर तेव्हा देशाच्या नकाशात भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता! माणसं बहुतेक मेली ती घरांखाली. जाड जाड भिंती दिसायला भक्कम, पण आतून दोन वेगळ्या थरांच्या, मध्ये माती आणि दगडगोट्यांचा भराव. दोन थरांना बांधून ठेवणारे, आरपार जाणारे लांब दगड घातलेलेच नव्हते. वर माळवद, दरवर्षी पावसाआधी माती टाकून टाकून फूट-दोन फूट जाड झालेलं. भिंती फुटल्या आणि ते सगळं खाली आलं. जिथे घर लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर नीट उभं होतं, तिथे पुष्कळदा भिंत पडली पण छत खांबांवर तरलं आणि आतली माणसं वाचली. म्हणजे आपल्या जुन्या खणाच्या घरात शहाणपण होतं, ते मातीच्या ओझ्याखाली दबलं होतं.

म्हणून नवी इमारत जुन्या भिंतीला चिकटवून कधीच बांधू नका. एक भिंत वाचते, चार पैसे वाचतात, हे खरं. पण नवं काँक्रीट आणि जुनी दगड-माती हादऱ्यात सारखं हलत नाहीत. एक दुसऱ्याला ढुशी मारतं. मध्ये अंगण ठेवा, दहा-बारा फुटांचं. जोडायचंच असेल तर वर हलकं पत्र्याचं किंवा वेलीचं छप्पर करा, दोन्ही घरांवर भार न टाकणारं. नव्या भिंतींना जोत्याशी, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे सलग काँक्रीटचे पट्टे हवेत, कोपऱ्यांत उभ्या सळया हव्यात. भारतीय मानकांमध्ये यासाठी आयएस ४३२६ ही संहिता आहे. तुमच्या इंजिनीअरला नुसतं एवढं म्हणा, "साहेब, ४३२६ प्रमाणे करताय ना?" बघा कसे सावरून बसतात ते.

आणि आता जरा कडू बोलते. मैत्रिणीच्या जुन्या घराला नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात ९३ सालचा तडा आहे. दर दोन वर्षांनी लिंपतात. माळवदावरची माती अजून तशीच. म्हणजे प्लॅनप्रमाणे झालं असतं तर दोन दिवसांचा पाहुणा पट्टे आणि सळया घातलेल्या खोलीत झोपला असता, आणि ज्यांनी तळ्याची माती वाहिली त्या सासूबाई त्याच जुन्या मातीखाली. ह्याला जुन्याला शोभेलसं नवं म्हणतात का? आधी माळवदाची माती कमी करा, वर हलकं पाणीरोधक काम करा, भिंतीत आरपार बांध घाला, तडा नीट शिवून घ्या. त्यासाठी नव्यातली एक खोली कमी झाली तरी चालेल. मी हे बोलले तेव्हा दीर गप्प झाले. रागावले नाहीत, गप्प झाले. त्यांनाही ते कळत होतं, पण कागदावर कुणी मांडलंच नव्हतं.

बायकांना बांधकामातलं काय कळतं, असं अजूनही ऐकू येतं. त्यांना भूकंपानंतरची गोष्ट सांगा. दिवंगत प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात लातूर आणि आपल्या जिल्ह्यातल्या शेकडो गावांत महिला मंडळांच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. साध्या, कमी शिकलेल्या बायका. पण पट्टा कुठे घालायचा, आरपार दगड कुठे ठेवायचा, सिमेंटचं प्रमाण काय, हे त्या शिकल्या आणि गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलं. पुढे २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा यातल्याच काही जणी तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या. आपल्या जिल्ह्यातल्या बायका! उलट, ज्या नव्या वसाहती शहरासारख्या सरळ रांगांत आखल्या, तिथे लोकांनी नंतर आपल्या हाताने ओटे, अंगणाला कुंपण, जनावरांना छप्पर असं कायकाय जोडलं. आधी विचारलं असतं तर आधीच झालं असतं.

आता राहिला तो मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. प्लॅनमध्ये पाहुण्यांच्या खोल्यांना स्वयंपाकघर नव्हतं. "चहा-नाश्ता घरून जाईल," असं दीर म्हणाले. घरून म्हणजे कोण नेईल हो? घराला काही पाय नाहीत. स्वयंपाकघर जुन्या घराच्या मागच्या बाजूला. तिथून परस, मग ओसरीचा वळसा, मग चार पायऱ्या उतरून नवी इमारत. मी आणि मैत्रिणीने पावलं मोजली. जाऊन-येऊन एकशे चाळीस. सकाळचा चहा, नाश्ता, दुपारचं जेवण, पुन्हा चहा, रात्रीचं जेवण, मध्ये कुणाला गरम पाणी, कुणाला लिंबू. ताट घेऊन गेलेली बाई भांडी परत आणायलाही जाते. दोन खोल्यांत चार माणसं धरली तरी पोळ्या लाटून झाल्यावर तिने दिवसभर चालतच राहायचं. पावसाळ्यात तर डोक्यावर इरलं आणि हातात पोहे! शिवाय चादरी. पाहुणा बदलला की चार चादरी, चार अभ्रे, चार पांघरुणं, टॉवेल. त्या कुठे धुवायच्या, कुठे वाळवायच्या, पावसात काय करायचं, ह्यातलं एकही चित्र त्या गुळगुळीत कागदावर नव्हतं.

म्हणून नव्या इमारतीतच, जुन्या घराच्या बाजूला, आठ बाय आठची एक मोरी-ओट्याची खोली असावी. गॅसची शेगडी, भांड्यांचं कपाट, गरम पाण्याची सोय, आणि तिथून थेट मागच्या परसात दार. पाहुणा आपला चहा आपण करू शकेल, आणि ताटं वाढायची झाली तर तिथेच वाढता येतील. जुन्या स्वयंपाकघरापासून तिथवर छप्पर असलेली, एकाच पातळीची वाट असावी, पायरी नसलेली. वाट तीस पावलांवर येते. कपडे वाळवायला मागे पत्र्याखाली तार. ह्याला फार खर्च नाही. फक्त प्लॅन काढणाऱ्याला हे सुचावं लागतं, आणि ते सुचायचं तर त्याने कधीतरी भरलेलं ताट घेऊन चाललेलं असावं लागतं.

पाण्याचंही तसंच. तळं समोर असलं म्हणून ते आपलं नसतं, मोटार टाकायला परवानगी लागते. आणि मेमध्ये टँकरची वेळ आली तर घागरी कुणाच्या कमरेवर येतात? पाहुण्याला शॉवर पाहिजे असतो. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर अठ्ठावीस हजार लिटरच्या आसपास पाणी येतं. सांडलं, उडालं, तरी वीसेक हजार टाकीत पडेल. नव्या इमारतीच्या ओट्याखालीच टाकी बांधून घ्या, पाया खोदलेला असतोच.

दिसण्याबद्दल मात्र थोडक्यात. जुनं घर काळ्या दगडाचं असलं म्हणून नव्याला दगडाच्या चित्राच्या टाइल्स चिकटवू नका, नकली दागिन्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा जोत्याची उंची जुन्याइतकीच ठेवा, खोल्यांचं माप जुन्या खणाच्या हिशेबात धरा, दारं-खिडक्यांच्या वरची रेषा एक येऊ द्या. जोत्याला खरा दगड, वरची भिंत साधी, चुन्याच्या रंगाची, स्लॅब वरून पांढरा. पडक्या गोठ्याची एखादी सागाची तुळई असेल तर ओट्याला वापरा. एवढ्याने दोन्ही घरं एका घरातली वाटतात. उंची जुन्यापेक्षा वर नको. गच्चीवरच्या खुर्च्यांतून शेजारच्या सगळ्या परसांत नजर जाते आणि मग गावात बोलणी खावी लागतात, तीही पाहुण्याला नाही.

राहिलं पैशाचं. राज्य सरकारने २०२३ मध्ये 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. त्यात बाईच्या मालकीच्या, तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायासाठी बँकेकडून घेतलेल्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर बारा टक्क्यांपर्यंतचं व्याज, सात वर्षं किंवा साडेचार लाखांच्या मर्यादेत, परत मिळण्याची तरतूद केली आहे. पर्यटन कार्यालयात जाऊन आजच्या अटी विचारून घ्या. दिरांना हे माहीत होतं. ते म्हणाले, "वहिनींच्या नावावर अर्ज करू की, सही तर करायचीय." मैत्रीण म्हणाली, "सही करीन. पण मग खातंही माझ्याच नावावर, आणि खोलीचं भाडं त्याच खात्यात. आणि मदतीला गावातली एक बाई ठेवायची, तिचा पगार त्यातनं." तिला इतकं सरळ बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. दीर बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "बघू." 'बघू' म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, पण 'नाही' तरी म्हणाले नाहीत.

परवा पुन्हा गेले होते. इंजिनीअरांनी नवा कागद आणला होता, या वेळी जुन्या घरासकट. पण कागदावर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून पुतण्याने चुन्याची फक्की घेऊन उत्तरेच्या मोकळ्या जागेत आखणी केली. चार कोपऱ्यांना चार बांबू रोवले, छताच्या उंचीला दोरी बांधली आणि मैत्रिणीने ट्रंकेतल्या जुन्या साड्या काढून त्या दोरीवर भिंतीसारख्या सोडल्या. हिरवी, जांभळी, एक विटकी इरकली. वाऱ्यावर ती इमारत नुसती फडफडत होती. मग सगळ्यांनी सासूबाईंना ओसरीत त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं आणि विचारलं, "आता दिसतंय का पाणी?"

त्यांनी बराच वेळ डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग पुढचा बांबू दोन हात मागे घ्यायला लावला.